पाणी सोडताना

बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आमच्या ओटीवर पितळेचं एक ताट ठेवलं होतं. ताटात रिकामा पेला, शेजारी पाण्याने भरलेला तांब्या. समोर टेबलावर पांढरी चादर, तिच्यावर भगवान बुद्धांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा, थोडा खाली बाबांचा फोटो. संगमेश्वर तालुक्यातली आमची बौद्धवाडी तशी लहान, पण मुंबईहून मंडळी आली होती आणि अंगणातला मांडव भरून माणसं बाहेर बांधावर बसली होती. बौद्धाचार्यांनी आम्हा घरच्यांना पुढे बोलावलं. थोरल्या भावाने तांब्या धरला, त्याच्या मनगटाला मी हात लावला, माझ्या दंडाला बहिणीने, तिच्या खांद्याला आईने. पाली गाथा सुरू झाल्या आणि भावाने पाण्याची बारीक धार पेल्यात सोडली. पेला भरत गेला, काठाशी पाणी फुगून क्षणभर थांबलं आणि मग चारी बाजूंनी ताटात उतरलं. तरी धार थांबवायची नव्हती. तांब्या रिता होईपर्यंत ती चालू राहिली.

आत्या माझ्या मागे बसली होती. ऐंशीच्या घरातली, बाबांची एकुलती एक बहीण. तिने माझ्या सदऱ्याची बाही ओढली आणि हळूच विचारलं, "हे पाणी दादाला पोचतं काय रं?"

मला उत्तर देता आलं नाही. हो म्हणावं, तर ज्यांनी जन्मभर पिंड, कावळा, तर्पण यांना ठाम नकार दिला, त्या बाबांशीच ती अप्रामाणिकता झाली असती. नाही म्हणावं, तर मग आम्ही सगळे एकमेकांना हात लावून हे काय करत होतो? विधी पार पडला, आदरांजलीची भाषणं झाली, जेवणं झाली, मुंबईची मंडळी रात्रीच्या गाडीने परतली. आत्याचा प्रश्न तेवढा माझ्याकडे राहिला. पुढचे काही महिने मी त्याच्या मागे लागलो आणि लक्षात आलं की हा प्रश्न आत्याच्याही फार आधी, अगदी याच शब्दांत, खुद्द बुद्धांना विचारला गेला होता.

विचारणारा होता जाणुस्सोणि नावाचा ब्राह्मण. अंगुत्तर निकायाच्या दशक निपातात हा संवाद आहे. तो म्हणतो, आम्ही दानं देतो, श्राद्धं करतो, हे आमच्या मेलेल्या आप्तांना मिळो असं म्हणतो; ते त्यांना खरोखर मिळतं का? बुद्धांचं उत्तर सरसकट हो नाही आणि सरसकट नाहीही नाही. माणसाच्या कर्माप्रमाणे त्याची गती वेगवेगळी होते. जो पशुयोनीत गेला तो पशूंचं अन्न खातो, जो माणसात आला तो माणसांचं, जो देवलोकात गेला तो देवांचं. त्यांना इथलं काही लागत नाही आणि पोचतही नाही. फक्त पेतांच्या, म्हणजे प्रेतयोनीच्या, अवस्थेत असलेल्यांना आप्तांनी दिलेलं मिळतं. जाणुस्सोणि चिवट आहे. तो विचारतो, तो आप्त तिथे नसेल तर? तर तिथे असलेल्या दुसऱ्या आप्तांना मिळेल. आणि तिथे आपलं कुणीच नसेल तर? बुद्ध म्हणतात, इतक्या दीर्घ काळात तिथे आपलं कुणीच नाही असं होणं शक्य नाही; पण तसं असलं, तरी देणारा कधीच फळावाचून राहत नाही.

या शेवटच्या वाक्यापाशी मी बराच वेळ थांबलो. प्रश्न मेलेल्या माणसाबद्दल सुरू झाला होता. उत्तर जिवंत माणसापाशी येऊन थांबलं.

दुसरा एक संवाद याहून परखड आहे. नालंद्याला पावारिकाच्या आमराईत असिबंधकपुत्त नावाचा गावप्रमुख बुद्धांना भेटतो आणि सांगतो, पश्चिमेकडचे काही ब्राह्मण मेलेल्या माणसाला वर उचलतात, स्वर्गात चढवतात म्हणे. तुम्हाला सगळ्या जगाला स्वर्गात पाठवता येईल का? बुद्ध त्याला उलट विचारतात. एखाद्याने मोठा दगड खोल डोहात टाकला आणि शेकडो लोक काठावर जमून, हात जोडून, प्रदक्षिणा घालून विनवू लागले की दगडा, वर ये, तरंग, काठाला लाग, तर तो येईल का? येणार नाही. आणि तुपाचा किंवा तेलाचा घडा पाण्यात फुटला, तर खापऱ्या बुडतील, तूप वर येईल. कितीही लोकांनी विनवलं, तरी ते तूप बुडणार नाही. माणूस जन्मभर जसा वागला तसंच त्याचं पुढे होणार. मागे राहिलेल्यांच्या मंत्रांनी त्यात फरक पडत नाही.

हे दोन्ही संवाद शेजारी ठेवले की बौद्ध अंत्यविधीची चौकट दिसू लागते. मेलेल्याचं भवितव्य विधीच्या हातात नाही. विधीच्या हातात आहेत ती मागे राहिलेली माणसं, त्यांचं दुःख आणि त्यांच्या हातून घडू शकणारं दान.

मग पाणी कुठून आलं?

खुद्दकपाठात आणि पेतवत्थूत तिरोकुड्ड नावाचं एक सुत्त आहे. तिरोकुड्ड म्हणजे भिंतीपलीकडे. गेलेले आप्त भिंतीबाहेर, चवाठ्यावर, दाराच्या चौकटीशी उभे आहेत आणि घरातल्यांना त्यांची आठवणही नाही, असं त्याचं सुरुवातीचं चित्र आहे. रडण्याने आणि विलापाने त्यांचं काही भलं होत नाही, त्यांच्या नावाने दान द्या, असं ते सुत्त सांगतं आणि उंचवट्यावर पडलेला पाऊस जसा सखल भागाकडे वाहतो, भरलेल्या नद्या जशा समुद्राला भरतात, तसं इथलं दान तिकडे जातं अशी उपमा देतं. अट्ठकथेत, म्हणजे सुत्तावरच्या जुन्या भाष्यात, याची गोष्ट मगधाच्या बिंबिसार राजाशी जोडली आहे. राजाने बुद्धांना आणि भिक्खूंना दान दिलं, पण ते कुणाच्या नावाने दिलं नाही. रात्री त्याला राजवाड्याभोवती भयंकर आक्रोश ऐकू आला. दुसऱ्या दिवशी बुद्धांच्या सांगण्यावरून त्याने पुन्हा दान दिलं आणि दानाचं उदक सोडताना ते आपल्या पूर्वीच्या आप्तांना अर्पण केलं. गोष्टीत त्या क्षणी पेतांसाठी कमळांनी भरलेली तळी उगवतात. ते त्यात न्हातात, पाणी पितात, त्यांची तहान निवते. अन्न आणि वस्त्रं त्यानंतर.

आमच्या ओटीवरच्या पेल्याचं मूळ इथे आहे. भरलेल्या नद्यांची आणि सखलाकडे वाहणाऱ्या पाण्याची ती गाथा म्हटली जाते तेव्हाच धार सोडली जाते.

आता यातली पेतांची तळी आणि त्यांची तहान शब्दशः खरी मानायची का? माझे बाबा मानत नव्हते, मीही मानत नाही. बाबासाहेबांनी 'द बुद्धा अँड हिज धम्मा' या १९५७ साली, त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पुनर्जन्माचा प्रश्न सविस्तर हाताळला आहे आणि एका देहातून दुसऱ्या देहात जाणारा आत्मा तिथे स्वच्छ नाकारला आहे. त्या वाटेने विचार करणाऱ्या माणसाला पाण्याचा दुसरा अर्थ अधिक जवळचा वाटतो. तो प्राचीन आहे आणि आपल्या मराठीत रोज वापरला जातो.

जुन्या काळी भारतात दान पक्कं करायचं ते पाणी सोडून. देणाऱ्याने झारीतून पाण्याची धार सोडली की वस्तू दिली गेली, तिच्यावरचा हक्क संपला. बिंबिसाराने राजगृहाचं वेळुवन संघाला दिलं तेव्हा सोन्याच्या झारीने असंच पाणी सोडल्याचं विनयपिटकात नमूद आहे. अनाथपिंडिकाने जेतवन दिलं त्याचं शिल्प भरहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर आहे. सध्या ते कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. बैलगाडीतून नाणी उतरवली जात आहेत, जमिनीवर ती फरशीसारखी अंथरली जात आहेत आणि मधोमध अनाथपिंडिक हातात तोटीची झारी घेऊन उभा आहे. पुढे राजांच्या ताम्रपटांतही जमीन दिल्याचा उल्लेख 'उदकातिसर्गेण', म्हणजे पाणी सोडून, असा येतो. दानाला विधी हाच होता, दस्तऐवजावरच्या सहीसारखा.

आणि आपण आजही म्हणतो, त्याने घरावर पाणी सोडलं. नोकरीवर पाणी सोडलं. हक्कावर उदक सोडलं. अर्थ एकच, की आता ते माझं नाही, मी त्याच्यावरची पकड सोडली.

हे कळल्यावर मला त्या ओटीवरचं दृश्य निराळं दिसू लागलं. भावाच्या हातातून जी धार पडत होती ती एका दानाची मोहोर होती. त्या सकाळी आम्ही बाबांच्या नावाने गावच्या शाळेला पुस्तकं दिली होती, वाडीच्या विहाराला वर्गणी दिली होती, भिक्खूंना चीवर आणि भोजन दिलं होतं. ते सगळं त्या धारेने पक्कं झालं. आणि त्याच वेळी, एकमेकांना हात लावून, आम्ही बाबांवरचीही पकड थोडी सैल करत होतो. पाणी सोडणं या दोन मराठी शब्दांत दान आणि निरोप दोन्ही मावतात. मला तरी याहून नेमकं स्पष्टीकरण कुठल्या ग्रंथात मिळालं नाही.

आईवडिलांच्या नावाने पाण्याचं दान या मातीत फार जुनं आहे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांमध्ये, ज्यांना नाशिककर पांडवलेणी म्हणतात, १७ क्रमांकाच्या लेण्यात एक शिलालेख आहे. उत्तरेकडच्या दत्तामित्रीहून आलेला, धम्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त नावाचा यवन सांगतो की त्याने हे लेणं, आत चैत्यगृह आणि पोढ्या कोरवल्या. पोढी म्हणजे खडकात खोदलेलं पाण्याचं टाकं. किल्ले हिंडणाऱ्यांना शब्द ओळखीचा असेल. हे लेणं त्याने आईवडिलांप्रीत्यर्थ करवलं आणि मुलगा धम्मरक्खित याच्यासह भिक्खुसंघाला दिलं. तीन पिढ्या एका दानात बांधल्या गेल्या. ग्रीक वंशाचा हा माणूस नाशिकला कसा पोचला याची मला उत्सुकता आहेच, पण त्याहून मला भावतं ते हे की आईवडिलांसाठी काय करावं या प्रश्नाचं त्याचं उत्तर चालून दमलेल्या अनोळखी माणसांना पाणी मिळावं, हे होतं.

गेलेल्यांच्या आठवणीच्या खुणाही सह्याद्रीत आहेत. लोणावळ्याजवळ मळवली स्टेशनात उतरून भाज्याची लेणी चढली की १४ स्तूपांचा एक समूह दिसतो, पाच आत आणि नऊ बाहेर. ते तिथल्या थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची स्मारकं आहेत आणि काहींवर त्यांची नावं कोरलेली आहेत. मुंबईच्या कान्हेरीला तर विटांच्या स्मृतिस्तूपांची सबंध वीथी आहे. तिथल्या मृत्युलेखांचा अभ्यास पुण्याच्या शोभना गोखले यांनी केला.

मधली कित्येक शतकं हे सगळं विस्मरणात गेलं. १९५६ साली जेव्हा महाराष्ट्रात पुन्हा बौद्ध घरं उभी राहिली तेव्हा त्या घरांना आपल्या मृतांचा निरोप कसा घ्यायचा हे नव्याने शिकावं लागलं. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी कुशीनगरच्या महास्थविर चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग जमलेल्या लाखोंना स्वतः २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांतली सहावी प्रतिज्ञा श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची आहे, आठवी ब्राह्मणाच्या हातून क्रियाकर्म न करून घेण्याची. म्हणजे मृत्यूनंतर काय करायचं नाही हे पहिल्याच दिवशी ठरलं. काय करायचं, हे समाजाला ५३ दिवसांत बघावं लागलं, आणि तेही सगळ्यात कठीण प्रसंगी. ६ डिसेंबरला दिल्लीत बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं. पार्थिव विमानाने मुंबईला, दादरच्या 'राजगृह' या त्यांच्या घरी आणलं गेलं आणि ७ डिसेंबरला दादर चौपाटीवर, आजच्या चैत्यभूमीच्या जागी, बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. विधी भदन्त आनंद कौसल्यायन यांनी केला. त्या चितेसमोरच लाखावर माणसांनी त्यांच्याकडून धम्मदीक्षा घेतली.

माझे आजोबा त्या गर्दीत होते. गिरणीतून थेट गेले होते. पुढे वाडीत कुणी गेलं की ते एवढंच म्हणायचे, "बाबासाहेबांना जसं पोचवलं तसं पोचवायचं." त्रिसरण, पंचशील, पांढरं वस्त्र, मेणबत्ती, फुलं. आमच्या वाडीचा पाठ त्यांना तिथेच मिळाला.

भदन्त आनंद कौसल्यायन यांनी १९२८ मध्ये श्रीलंकेत दीक्षा घेतली होती. महास्थविर चंद्रमणी मूळचे ब्रह्मदेशातल्या अराकानचे. बाबासाहेब स्वतः १९५० साली श्रीलंकेला आणि १९५४ साली रंगूनला बौद्ध परिषदांसाठी गेले होते. आपल्याकडच्या विधींत पाली गाथा, पांढरे कपडे, परित्राण पाठाचा पांढरा धागा आणि ही पाण्याची धार दिसते ती या वाटांनी, हे माझं अनुमान आहे. श्रीलंकेतला एखादा अंत्यविधी पाहिला की घरचाच वाटतो.

तिथे कुणी गेलं की घराकडे येणाऱ्या रस्त्यावर पांढऱ्या पताका लावतात. भिक्खू येतात तेव्हा शवपेटीवर एक पांढरं कापड अंथरलेलं असतं. ते त्यांना दान केलं जातं. त्याला मतकवस्त्र म्हणतात आणि विधीला पांसुकूल. पांसुकूल म्हणजे धुळीच्या ढिगावरचं फडकं. सुरुवातीच्या काळात भिक्खू स्मशानात टाकून दिलेली वस्त्रं उचलून, धुऊन, शिवून त्यांची चीवरं करत; त्या रिवाजाची ही आठवण. मग घरातले चटईवर बसतात, एक भांडं सगळे मिळून धरतात आणि ताटातल्या पेल्यात पाणी सोडतात, पेला भरून वाहेपर्यंत. भिक्खू त्या वेळी तिरोकुड्डातलीच भरलेल्या नद्यांची गाथा म्हणतात. सहाव्या दिवशी संध्याकाळी प्रवचन, सातव्या दिवशी दान, पुन्हा तीन महिन्यांनी दान आणि वर्षाने दान.

ब्रह्मदेशात पाण्याचे थेंब सोडतात ते वसुंधरेला साक्ष ठेवून. थायलंडमध्ये अंत्यसंस्काराआधी आप्त एकामागून एक येऊन मृताच्या उघड्या तळहातावर थोडं थोडं पाणी ओततात आणि मनोमन क्षमा मागतात. भांडणं तिथे संपवायची. दानाच्या वेळी सोडलेलं पाणी मात्र वाया घालवत नाहीत, बाहेर नेऊन झाडाच्या मुळाशी घालतात.

तिबेटी आणि जपानी परंपरा महायानाच्या असल्यामुळे तिथे निराळं दिसतं. दोन्हीकडे ४९ दिवसांना महत्त्व आहे, दर सात दिवसांनी पाठ होतात. जपानमध्ये दहनानंतर घरातली माणसं काड्यांनी अस्थी उचलून कलशात ठेवतात, कधी एकाच अस्थीला दोघांच्या काड्या लागतात. म्हणून एरवी जेवताना दोघांनी एकच घास काड्यांनी धरणं तिथे अशुभ मानलं जातं.

आमच्याकडे एवढे दिवस धरत नाहीत. बाबा गेले त्या दिवशी घरात चूल पेटली नाही. शेजारच्या घरांतून पेज आणि आमटी आली. बाबांना आंघोळ घालून पांढरे कपडे घातले. बौद्धाचार्य आले. बौद्धाचार्य म्हणजे गृहस्थ माणूस. श्रामणेर शिबिर आणि प्रशिक्षण घेऊन विधी चालवायला तयार झालेला. १९५५ साली बाबासाहेबांनी स्थापलेल्या भारतीय बौद्ध महासभेने असे बौद्धाचार्य गावोगाव तयार केले, म्हणून जिथे भिक्खू नेहमी पोचत नाहीत अशा कोकणातल्या वाड्यांतही विधी अडत नाही. आमचे बौद्धाचार्य निवृत्त पोस्टमन आहेत. त्यांनी त्रिसरण-पंचशील दिलं. ते घेतलं आम्ही, मागे राहिलेल्यांनी. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, हे वडिलांच्या पार्थिवासमोर उभं राहून म्हणताना आवाज सरळ राहत नाही. बहीण आणि आत्या दोघी स्मशानात आल्या. मुंडण नाही, पिंडाला कावळा शिवायची वाट बघणं नाही. पाचव्या दिवशी पुण्यानुमोदन.

रडायचं नाही, असं मात्र कुणी सांगितलं नाही. बौद्ध माणसाने अनित्यता ओळखून शांत राहावं असं कधी कधी उगाच दटावलं जातं, ते मला पटत नाही. महापरिनिब्बान सुत्तात आनंद विहाराच्या दाराला टेकून रडतो. मी अजून शिकतोच आहे आणि माझ्यावर इतकी माया करणारे गुरू चालले, असं म्हणतो. बुद्ध त्याला बोलावून घेतात, आता पुरे म्हणतात, जे जे प्रिय ते ते दुरावणारच हे सांगतात आणि मग इतर भिक्खूंसमोर आनंदाने इतकी वर्षं केलेल्या सेवेची मनापासून स्तुती करतात. रडणाऱ्याला आधी जवळ बोलावलं, मग शिकवलं.

दुःख कुठे थांबवावं याचीही एक गोष्ट त्याच अंगुत्तर निकायात आहे. पाटलिपुत्राच्या मुंड राजाची राणी भद्दा वारली. राजा नहाईना, जेवेना, कामकाज बघेना. त्याने खजिनदार पियकाला सांगितलं, राणीचा देह तेलाने भरलेल्या लोखंडी हौदात ठेव, वरून दुसरं लोखंडी झाकण घाल, म्हणजे मला ती जास्त दिवस बघता येईल. पियक घाबरला. त्याने राजाला कुक्कुटाराम विहारात नारद भिक्खूंकडे पाठवलं. नारद म्हणाले, जे म्हातारं होणार ते होऊ नये, जे आजारी पडणार ते पडू नये, जे मरणार ते मरू नये, जे झिजणार ते झिजू नये, जे नष्ट होणार ते होऊ नये, या पाच गोष्टी जगात कुणालाच मिळत नाहीत. हे एकट्या आपल्याच वाट्याला आलेलं नाही हे ज्याला उमगत नाही, तो शोकाचा विषारी बाण स्वतःच्याच अंगात रुतवून घेतो. राजाने विचारलं, या उपदेशाचं नाव काय? नारद म्हणाले, सोकसल्लहरण. शोकाचं शल्य काढणारा. राजाने परतून पियकाला सांगितलं, राणीचं दहन कर आणि तिचा स्तूप बांध.

तो तेलाचा हौद मला विसरता येत नाही. आपल्यातही असे हौद असतात. आईने वर्षभर बाबांची काठी दाराआडून हलवू दिली नव्हती.

एका गोष्टीबद्दल बौद्धाचार्यांशी आणि आपल्या गावमंडळांशी थोडं बोलायचं आहे. कोकणात आणि मुंबईत पत्रिकांवर 'जलदान विधी' असं छापतात. या शब्दामुळेच आत्याला तो प्रश्न पडला. कुणालाही वाटेल की पाणी मृताला दिलं जात आहे. पुण्यानुमोदन हा शब्द खरा. अनुमोदन म्हणजे दुसऱ्याच्या चांगल्या कामात आपला आनंद मिसळणं. गेलेल्या माणसाने जे चांगलं केलं त्याचा, आणि आज त्याच्या नावाने जे दिलं त्याचा, सगळ्यांनी मिळून आनंद मानायचा. शब्द जुनाच ठेवायचा असेल तर ठेवा, पण धार सोडण्याआधी दोन मिनिटं मराठीत सांगा की हे काय आहे. आमच्याकडे गाथा शुद्ध पालीत, सुरेल झाल्या. एकाही माणसाला अर्थ कळला नाही. आणि दान काय दिलं ते आधी ठरवा. दान नसेल तर ती धार कशाचीच मोहोर होत नाही, ताटात फक्त पाणी साचतं. आता कित्येक ठिकाणी मांडव, लाऊडस्पीकर आणि जेवणावळीवर कर्ज काढून खर्च होतो आणि शाळेला द्यायला शंभर रुपयेही उरत नाहीत.

बाबांच्या पहिल्या स्मृतिदिनाला मी गावी गेलो तेव्हा आत्याजवळ बसून तिला जाणुस्सोणिची गोष्ट सांगितली. देणारा फळावाचून राहत नाही, इथवर ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे पोचतं का नाही ते तू काय सांगितलं नाहीस." मी म्हटलं, "आत्या, दादाला पोचतं की नाही ते मला सांगता येत नाही. आपण दिलेलं कुणाला तरी पोचतं एवढं नक्की." ती बराच वेळ काही बोलली नाही.

महिन्याभराने बहिणीचा फोन आला. आत्याने भात विकून आलेल्या पैशांतून वाडीच्या अंगणवाडीला स्टीलचं मोठं पिंप घेऊन दिलं होतं, तोटीचं. त्यावर बाबांचं नाव घातलं आहे. आमच्याकडे नावाआधी कैलासवासी लिहीत नाहीत, कालकथित लिहितात. पालीत ज्याने आपला काळ पुरा केला तो कालकत. रंगाऱ्याने ते अक्षर मोठं काढलं आहे, पोरांना वाचता यावं म्हणून.

अंगणवाडीत बावीस मुलं आहेत. पिंप सकाळी भरतात, दुपारपर्यंत रिकामं होतं.